उसन्या पैशांचे आरमार

इ. स. पू. २४२ मध्ये रोम आणि कार्थेज यांच्या युद्धाला बावीस वर्षे होत आली होती, आणि रोमच्या सरकारी खजिन्यात नवे आरमार बांधण्याइतका पैसा उरला नव्हता. तेव्हा रोमच्या धनिकांनी आपापल्या थैल्या मोकळ्या केल्या. ज्याची ऐपत मोठी त्याने एकट्याने आणि बाकीच्यांनी दोघातिघांत मिळून एकेक सुसज्ज लढाऊ जहाज उभे करून द्यायचे, असे ठरले. युद्ध जिंकले तर सरकार ही रक्कम परत करणार होते. हरले तर पैसा बुडाला, असे समजून चालायचे होते. अशा रीतीने दोनशे जहाजे उभी राहिली.

ही हकीकत पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवली आहे. युद्धानंतर शंभरेक वर्षांनी तो लिहीत होता आणि रोमच्या बाजूचा फेबियस पिक्टर व कार्थेजकडे झुकणारा फिलिनस अशा दोघांचेही लिखाण त्याच्यासमोर होते. याच युद्धाच्या काळात कार्थेजचाही खजिना आटला होता. त्यांनी इजिप्तच्या टॉलेमी राजाकडे दोन हजार टॅलेंट चांदीचे कर्ज मागितल्याची नोंद इतिहासकार अ‍ॅपियनने केली आहे. टॉलेमीची मैत्री दोन्ही राज्यांशी होती, त्यामुळे एका मित्राविरुद्ध दुसऱ्याला पैसा देणे त्याने नाकारले. एका राज्याला घरातच सावकार मिळाले, दुसऱ्याला परक्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे लागले. इ. स. पू. २४१ च्या मार्चमध्ये सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटांजवळ जी लढाई झाली, तिचा निकाल समुद्रावर लागण्याआधी या हिशेबात बराचसा लागला होता.

आपल्याकडे रोम आणि कार्थेज म्हटले की हॅनिबल आठवतो, त्याने आल्प्स पर्वतावरून नेलेले हत्ती आठवतात, फार तर कॅनीची लढाई आठवते. ते सारे दुसऱ्या युद्धातले. एगादीची लढाई झाली तेव्हा हॅनिबल जेमतेम सहा वर्षांचा होता आणि त्याचा बाप हॅमिल्कर बार्का सिसिलीतल्या एरिक्स डोंगराच्या उतारावर रसद येण्याची वाट पाहत तग धरून बसला होता.

पहिले युद्ध इ. स. पू. २६४ मध्ये सिसिलीच्या ईशान्य टोकाला, मेसाना शहराच्या ताब्यावरून पेटले. कार्थेज हे आजच्या ट्युनिसच्या किनाऱ्यावरचे व्यापारी राज्य होते. त्यांची वल्ही कित्येक पिढ्या या समुद्रात फिरत होती. रोमकडे नाव घेण्यासारखे आरमार नव्हते. पॉलिबियस सांगतो की किनाऱ्यावर रुतलेले एक कार्थेजी जहाज रोमनांच्या हाती लागले, त्याचा नमुना समोर ठेवून त्यांनी शंभर क्विन्क्वेरीम आणि वीस ट्रायरीम बांधली. क्विन्क्वेरीम म्हणजे तीन मजल्यांवरच्या वल्ह्यांच्या प्रत्येक उभ्या जुडीला पाच माणसे लागणारी मोठी लढाऊ नौका आणि ट्रायरीम म्हणजे तीन माणसांची, आकाराने लहान. जहाजे तयार होईपर्यंत वल्हेकऱ्यांना रिकामे ठेवले नाही. जमिनीवर बाके मांडली, ज्या क्रमाने जहाजात बसायचे त्याच क्रमाने त्यांना बसवले आणि हुकुमाच्या तालावर एकदम मागे, एकदम पुढे झुकायला शिकवले. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, हे सारे आरमार साठ दिवसांत पाण्यात उतरले.

साठ दिवसांचा हा आकडा पुष्कळ काळ अतिशयोक्ती वाटत असे. १९७१ पासून ऑनर फ्रॉस्ट या ब्रिटिश संशोधिकेने मार्सालाजवळच्या उथळ पाण्यात एका प्यूनिक, म्हणजे कार्थेजी जहाजाचे उत्खनन केले, त्यानंतर हा संशय बराच कमी झाला. त्या जहाजाच्या लाकडांवर जागोजागी प्यूनिक अक्षरे आणि खुणा रंगवलेल्या सापडल्या. कुठली फळी कुठे बसवायची, कुठला वासा कुठे जोडायचा, हे सुतारांना सांगणाऱ्या त्या खुणा होत्या. म्हणजे कार्थेजचे कारागीर सुटे भाग आधी तयार करून खुणेबरहुकूम जोडत. असे एक जहाज हातात पडले, ते खोलले, तर त्याची नक्कल करायला लागणारी माहिती लाकडावरच लिहिलेली मिळणार. मार्सालाच्या या जहाजाच्या तळाशी बांधकामातले लाकडाचे ढलपे आणि पानेही तशीच पडलेली होती. ते घाईने बांधले आणि फार वापरले जाण्याआधीच बुडाले, असे फ्रॉस्टचे मत होते. जहाजावर भांगेच्या काड्याही मिळाल्या. त्या कशासाठी नेल्या होत्या याबद्दल तर्क अनेक आहेत. तासन्‌तास वल्ही मारणाऱ्यांचा शीण घालवण्यासाठी, हा त्यातला एक.

रोमनांनी नक्कल झटपट केली, पण समुद्र काही तितक्या झटपट कळला नाही. सुरुवातीला मायली आणि एक्नोमस इथे त्यांनी मोठे विजय मिळवले. मग इ. स. पू. २५५ मध्ये आफ्रिकेहून परतताना सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर वादळात त्यांची ३६४ पैकी फक्त ८० जहाजे वाचली, असे पॉलिबियस लिहितो. दोन वर्षांनी दुसऱ्या वादळात आणखी दीडशे गेली. इ. स. पू. २४९ मध्ये पब्लियस क्लॉडियस पल्चर या कॉन्सुलने, म्हणजे दरसाल निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने, ड्रेपानाच्या, म्हणजे आजच्या त्रापानीच्या बंदरावर चाल केली आणि ९३ जहाजे शत्रूच्या हाती घालवली. लढाईआधी शकुन पाहण्यासाठी ठेवलेल्या पवित्र कोंबड्या दाणा खाईनात, म्हणून त्याने त्या समुद्रात फेकायला लावल्या, अशी कथा रोमन लेखक पुढे शतकानुशतके सांगत राहिले. त्याच वर्षी त्याचा जोडीदार ज्युनियस याचाही ताफा वादळाने किनाऱ्यावर आपटून फोडला. यानंतर रोमने समुद्राचा नाद सोडला. हजारो माणसे बुडाली होती, आणि पैसा संपला होता.

कार्थेजने इथे जी चूक केली ती अनेक विजयी राज्यांनी केली आहे. रोम पुन्हा समुद्रावर येणार नाही असे ते धरून चालले. जहाजे बंदरात बांधून ठेवली गेली, मुरलेले वल्हेकरी पांगले. त्याच सुमारास हॅनो नावाचा एक बडा सरदार आफ्रिकेच्या आतल्या मुलखात मोहिमा काढून राज्य वाढवत होता. सिसिलीच्या युद्धापेक्षा ही घराजवळची जमीन हातात घ्यावी, असे मानणारे लोक कार्थेजमध्ये बरेच होते. हॅमिल्करला सिसिलीत पाठवले, पण पुरेशी माणसे दिली नाहीत, पुरेसा पैसा दिला नाही. आधी पालेर्मोजवळच्या एका डोंगरावर आणि मग एरिक्सवर ठाण मांडून तो सहा वर्षे रोमनांना झुलवत राहिला. सेनापती म्हणून त्याची कर्तबगारी मोठीच, पण त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक दाणा समुद्रातून येत होता.

रोमच्या नव्या दोनशे जहाजांचा नमुनाही कार्थेजीच होता. लिलिबियमला, म्हणजे आजच्या मार्सालाला रोमनांनी वेढा घातला असताना ‘ऱ्होडियन’ या टोपणनावाचा हॅनिबल नावाचा एक तांडेल आपले वेगवान जहाज त्यांच्या नाकासमोरून बंदरात आणत असे आणि बाहेर नेत असे. शेवटी ते जहाज पकडले गेले. नवे आरमार त्याच्या बांधणीवर उभे राहिले. पहिल्या आरमारापेक्षा ही जहाजे हलकी होती आणि वळायला चपळ होती. शत्रूच्या जहाजावर चढण्यासाठी रोमनांनी पूर्वी नाळेवर जो अवजड झुलता पूल बसवला होता, त्याचा उल्लेख या खेपेस येत नाही.

आरमाराचा प्रमुख झाला गायस लुटाशियस कॅट्युलस. त्याचा सहकारी कॉन्सुल ऑलस पोस्टुमियस हा मार्स देवाचा पुजारीही होता, आणि पुजाऱ्याने रोम सोडता कामा नये असे म्हणून मुख्य धर्माधिकाऱ्याने त्याला अडवले. म्हणून दुय्यम सेनानी म्हणून क्विंटस व्हॅलेरियस फाल्टो या प्रेटरला, म्हणजे कॉन्सुलच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला पाठवले गेले. इ. स. पू. २४२ च्या उन्हाळ्यात हे आरमार सिसिलीला पोचले, तेव्हा कार्थेजचे आरमार मायदेशी होते. कॅट्युलसने ड्रेपानाचे बंदर आणि लिलिबियमसमोरची नांगराची जागा विनासायास ताब्यात घेतली. त्यानंतर त्याने केलेली गोष्ट या साऱ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाची ठरली. तो थांबला आणि रोज सराव करून घेत राहिला. वल्हेकऱ्यांच्या खाण्यापिण्याकडे त्याने लक्ष दिले आणि हिवाळा संपेपर्यंत माणसे तयार केली. ड्रेपानाच्या वेढ्यात त्याच्या मांडीला गंभीर जखम झाली होती, तरी हा क्रम मोडला नाही.

कार्थेजने घाईघाईने जहाजे सज्ज केली. इतिहासकार डायोडोरसच्या मते त्यांची लढाऊ जहाजे अडीचशे होती. त्यांच्यावर एरिक्सच्या छावणीसाठी धान्य आणि इतर सामान खच्चून भरले. हॅनो नावाच्याच दुसऱ्या एका सेनापतीचा बेत असा होता: आधी एगादीतल्या सर्वांत पश्चिमेच्या मारेत्तिमो बेटावर थांबायचे, तिथून वाऱ्याचा फायदा घेऊन रोमनांच्या नकळत एरिक्सला पोचायचे, माल उतरवायचा, हॅमिल्कर आणि त्याचे निवडक सैनिक जहाजांवर घ्यायचे आणि मगच लढायचे. बेत वाईट नव्हता. माल उतरला असता, हॅमिल्करची माणसे चढली असती, तर रोमची गाठ वेगळ्याच आरमाराशी पडली असती.

कॅट्युलसला याचा सुगावा लागला. सैन्यातले उत्तम शिपाई जहाजांवर घेऊन तो फाविन्याना बेटापाशी येऊन थांबला. १० मार्चची सकाळ उजाडली ती वादळी. वारा पश्चिमेकडून, म्हणजे कार्थेजच्या पाठीशी, आणि रोमनांच्या तोंडावर. समुद्र खवळलेला. ज्या समुद्राने आधीची दोन-तीन आरमारे गिळली होती त्याच समुद्रात, उलट्या वाऱ्यात, उसन्या पैशांची जहाजे घालायची की नाही, हा निर्णय त्याला त्या सकाळी घ्यायचा होता. पॉलिबियसने त्याचा विचार नोंदवला आहे. आज लढलो तर हॅनोशी, नवख्या माणसांशी, भरलेल्या जहाजांशी आणि वादळाशी लढू. वारा पडेपर्यंत थांबलो तर रिकाम्या, हलक्या जहाजांशी, सिसिलीतल्या मुरलेल्या सैन्याशी आणि हॅमिल्करशी लढावे लागेल. त्याने नांगर उचलायला सांगितले. स्वतः मात्र तो जखमेमुळे पालखीत पडून होता. प्रत्यक्ष लढाई फाल्टोने चालवली.

शिडे उभारून सुसाट येणारी कार्थेजी जहाजे समोर बघतात तो रोमन आरमार एका लांब ओळीत वाट अडवून उभे. हॅनोच्या माणसांनी शिडे आणि डोलकाठ्या उतरवल्या, एकमेकांना हाका देत धीर दिला आणि तसेच भिडले. पण आता तोल पार उलटा होता. सरावलेल्या रोमन वल्हेकऱ्यांना लाटांवर जहाज हवे तसे वळवता येत होते. ओझ्याने खोल बसलेली कार्थेजी जहाजे वळेपर्यंत बाजूने धडक बसत होती. त्यांच्यावरचे सैनिक ऐनवेळी भरती केलेले, बहुतेकांची समुद्राशी ओळखच नव्हती. फार वेळ लागला नाही. पॉलिबियस म्हणतो, कार्थेजची पन्नास जहाजे बुडाली, सत्तर माणसांसकट पकडली गेली आणि दहा हजारांच्या आसपास कैदी झाले. मग अनपेक्षितपणे वारा फिरला आणि उरलेल्या जहाजांनी पुन्हा डोलकाठ्या उभ्या करून मारेत्तिमो गाठले.

एवढे वाचून वाटते, रोमला हा विजय जवळजवळ फुकट मिळाला. डायोडोरसची नोंद मात्र वेगळी आहे. त्याच्या मते कार्थेजची ११७ जहाजे गेली, त्यांतली वीस सगळ्या माणसांनिशी. पण रोमचीही ८० गेली, तीस पूर्ण निकामी आणि पन्नास अर्धवट. कैद्यांचा आकडा फिलिनसने सहा हजार दिला, काहींनी ४,०४० दिला. विजेत्याकडच्या कागदपत्रांवरून लिहिणाऱ्याने विजेत्याची हानी गाळावी यात नवल नाही. म्हणूनच समुद्रतळाची साक्ष इथे मोलाची ठरते.

सिसिलीचे पुरातत्त्वज्ञ सेबास्तियानो टूसा यांना एका जुन्या पाणबुड्याने सांगितले होते की लेवान्झो बेटाजवळ समुद्रतळाशी शिशाचे नांगर ओळीने पडलेले आहेत. ते घाईत दोर तोडून टाकलेले असावेत, असे टूसांना वाटले. म्हणजे रोमनांचा काही ताफा तरी लेवान्झोच्या आडोशाला दबा धरून होता. २००४ मध्ये त्रापानीतल्या एका दंतवैद्याच्या खासगी संग्रहात पोलिसांना एका प्राचीन युद्धनौकेची ब्राँझची धडकचोच मिळाली. नाळेच्या टोकाला, पाण्याच्या पातळीशी बसवलेली ही चोच शत्रूच्या जहाजाच्या कुशीत घुसवायची असे. ती कोळ्यांच्या जाळ्यातून वर आली होती. २००५ पासून टूसांच्या खात्याने आणि फ्लोरिडातल्या आरपीएम नॉटिकल फाउंडेशनने लेवान्झोच्या वायव्येचा समुद्रतळ ध्वनिलहरींनी मोजायला आणि दूरनियंत्रित यंत्रांनी पाहायला घेतला. सुमारे ऐंशी मीटर खोलीवर एकामागून एक चोची सापडत गेल्या. लाकूड किडींनी खाल्ले, पण ब्राँझ टिकले. आजवर अशा पंचवीसहून अधिक चोची मिळाल्या आहेत. शिवाय शिरस्त्राणे, कुंभ आणि भांडीही आहेत. जगातल्या कुठल्याही प्राचीन आरमारी लढाईचे मैदान इतक्या निश्चितपणे सापडलेले नाही.

यातली एखादी चोच जवळून पाहावी. मेणाचा साचा करून एका ओतात काढलेली, आतून पोकळ, पुढे प्रत्येक बाजूला तीन आडवी पाती. जहाजाच्या फळ्या एका ठिकाणी भोक पाडून न फोडता शिवणींतून उसवून टाकाव्यात, यासाठी ही रचना. काही चोचींची पाती तुटली आहेत, वाकली आहेत. धडकेला धडक बसली होती. काही रोमन चोचींवर पंख पसरलेली विजयदेवता कोरली आहे, काहींवर पिसे खोवलेले शिरस्त्राण. आणि अनेकींवर लॅटिन अक्षरांत अधिकाऱ्यांची नावे आहेत. अमक्याचा मुलगा अमुक, क्वेस्टर, याने ही चोच तपासून मान्य केली. क्वेस्टर म्हणजे सरकारी पैशाचा हिशेब ठेवणारा अधिकारी. सर्वनाशाच्या काठावर उभे असलेले राज्य धातूची गुणवत्ता तपासून, नाव घालून, जबाबदारी लिहून घेत होते. रोम ही लढाई का जिंकू शकला याचे याहून चांगले उत्तर कुठल्या ग्रंथात मिळणार नाही. एका प्यूनिक चोचीवर मात्र हिशेब नाही. तिच्यावर बाल देवाचा धावा आहे. त्या ओळीच्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नसले, तरी ही चोच शत्रूच्या जहाजावर नेमकी बसावी असा त्याचा रोख आहे.

या चोचींनी नवे प्रश्नही उभे केले. पहिला असा की त्या अपेक्षेपेक्षा लहान आहेत. बऱ्याचशा सव्वाशे किलोच्या आसपास. इस्राएलच्या किनाऱ्यावर अथलित इथे मिळालेली एक चोच ४६५ किलोंची आहे. मग एगादीला बुडालेली जहाजे पॉलिबियस म्हणतो तशी क्विन्क्वेरीम नसून बहुतांशी ट्रायरीम असावीत. दुसरा प्रश्न असा की लॅटिन नावांच्या चोची इतक्या जास्त आणि प्यूनिक फारच थोड्या कशा? जिंकणाऱ्यांचीच जहाजे तळाशी जास्त? एक शक्यता ही की डायोडोरस खरा आहे आणि रोमनांची हानी मोठी होती. दुसरी शक्यता अधिक पटते. ड्रेपानाला कार्थेजने जिंकलेली ९३ रोमन जहाजे घाईच्या वेळी त्यांनी आपल्याच ताफ्यात जुंपली असणार. तसे असेल, तर पैशाअभावी कार्थेज शत्रूच्या जुन्या जहाजांवर धान्य लादून लढायला आले होते.

लढाईनंतर हॅमिल्करला तहाचे अधिकार मिळाले. कार्थेजने सिसिली सोडायची, कैदी खंडणीशिवाय परत करायचे आणि वीस वर्षांत २,२०० टॅलेंट चांदी द्यायची, असे ठरले. रोमच्या लोकसभेने हे फेटाळले. दहा जणांचे शिष्टमंडळ आले आणि अटी कडक झाल्या. एक हजार टॅलेंट ताबडतोब, २,२०० दहा वर्षांत, आणि इटली व सिसिली यांमधली बेटेही सोडायची. एक टॅलेंट सुमारे सव्वीस किलोंचे धरले तर ही चांदी ऐंशी टनांच्या वर जाते. हजार टॅलेंट लगेच का हवे होते, हे समजायला रोममधल्या दोनशे जहाजांचे कर्ज आठवले की पुरे. तिकडे कार्थेजला आपल्याच भाडोत्री सैनिकांचा पगार देता आला नाही. सिसिलीहून परतलेले हे सैनिक बंड करून उठले आणि तीन वर्षांहून अधिक काळ आफ्रिकेत युद्ध पेटले. ती संधी साधून रोमने सार्डिनिया घेतले आणि वर आणखी १,२०० टॅलेंट वसूल केले. युद्धोत्तर काळातला हा सौदा उघड दरोडा होता. रोमचा पक्ष घेणाऱ्या पॉलिबियसनेही तो अन्यायच मानला. पैशाची भरपाई आणि सूडाचे बळ शोधत हॅमिल्कर स्पेनच्या चांदीच्या खाणींकडे गेला, तेव्हा नऊ वर्षांचा हॅनिबल त्याच्याबरोबर होता.

फाल्टोने रोममध्ये परत आल्यावर विजययात्रेवर हक्क सांगितला. लढाई मी केली, कॉन्सुल तर पालखीत होता, असे त्याचे म्हणणे. पंचाने पद मोठे म्हणून कॅट्युलसच्या बाजूने कौल दिला. पण सरकारी विजययात्रांच्या यादीत ऑक्टोबर २४१ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, दोघांचीही नावे आहेत. फाल्टोचा हक्क खरा होता, असे म्हणायला हरकत नाही.

सेबास्तियानो टूसा १० मार्च २०१९ रोजी इथियोपियातल्या विमान अपघातात गेले. शोध त्यांच्यामागेही चालू राहिला. सिसिलीला जाण्याचा योग आलाच तर पालेर्मोवर समाधान मानू नये. त्रापानीहून बोटीने फाविन्यानाला जावे. तिथल्या जुन्या फ्लोरिओ ट्यूना कारखान्याच्या संग्रहालयात या चोची मांडल्या आहेत. मग मार्सालाच्या बाल्यो आन्सेल्मी संग्रहालयात जाऊन ऑनर फ्रॉस्टने वर काढलेले ते प्यूनिक जहाज पाहावे.